चावीच्या आधी दाखला

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण रूढ झाली त्या काळात घर बांधणारा आणि त्यात राहणारा माणूस बहुधा एकच असे. पाया किती खोल गेला, हे त्याला ठाऊक असे. आज घर बांधतो एक, परवानगी देतो दुसरा, पैसे पुरवते बँक आणि हप्ते फेडत बसते ते चौथेच कुटुंब. या चौघांत सर्वांत कमी माहिती असते ती चौथ्याला; आणि चूक कोणाचीही असो, भुर्दंड त्यालाच पडतो. नाशिककरांना हे निराळे सांगायला नको. ‘कपाट प्रकरण’ एवढे दोन शब्द पुरेत.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर जुन्या नियमावलीत कपाटासाठी सोडलेली जागा चटईक्षेत्रात, म्हणजे एफएसआयमध्ये, धरली जात नसे. अनेक इमारतींत ही जागा नकाशावर कपाट राहिली आणि प्रत्यक्षात खोलीत मिसळली. २०१५ च्या सुमारास महापालिकेने नियमावर बोट ठेवले आणि अशा इमारतींचे बांधकाम पूर्णत्वाचे दाखले अडकले. जादा क्षेत्र टीडीआर घेऊन नियमित करावे, तर २०१६ च्या राज्याच्या धोरणाने ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर ती वाट बंद केली. आणि नाशिकच्या वसाहतींतले कितीतरी रस्ते ६ नाहीतर साडेसात मीटरचे. पुढे २०१७ साली शहराची नवी नियमावली आली, राज्याने शुल्क आकारून बांधकामे नियमित करण्याचे धोरण आणले आणि डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्यासाठी एकात्मिक नियमावली लागू झाली. वाटा मोकळ्या झाल्या, पण टप्प्याटप्प्याने. मधल्या काळात हजारो सदनिका दाखल्यावाचून खोळंबल्या.

यात दोष एकट्या बिल्डरचा म्हणावा, तर हे सारे पालिकेच्या डोळ्यांदेखत चालले होते. पालिकेचा म्हणावा, तर नियम मोडणारे हात तिचे नव्हते. सांगायचा मुद्दा हा, की ज्या दोघांना नियम ठाऊक होते त्यांच्या भांडणात, ज्याला तो ठाऊक नव्हता तो भरडला गेला.

आज परिस्थिती बदलली आहे का? कायद्यापुरती, निश्चित. १९६३ चा महाराष्ट्राचा मोफा कायदा होताच. २०१६ च्या रेरा कायद्याने त्याला धार आली आणि मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. नोंदणीकृत करारनामा झाल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतील ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. विक्री कार्पेट क्षेत्रावर करायची असते. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरत नाहीत. म्हणून कोणी ‘सुपर बिल्टअप’चा आकडा सांगू लागला, तर शांतपणे म्हणावे, ‘कार्पेट किती, ते करारात लिहा.’

पण या कायद्यालाही दार आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा ८ पर्यंत सदनिका असतील, तर महारेराची नोंदणी सक्तीची नाही. उपनगरांच्या गल्ल्यांतून छोट्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या इमारती नेमक्या याच मापात बसू शकतात. तेथे खरेदीदारानेच स्वतःचा महारेरा व्हायला हवे.

त्यासाठी वकिली यावी लागत नाही. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी एवढे कागद मागावेत आणि आपल्या वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे. मंजूर नकाशा हातात धरून प्रत्येक खोलीत फेरी मारावी आणि टेपने मोजावे. नकाशात भिंत एका जागी आणि घरात दुसऱ्या जागी असेल, तर कपाट प्रकरणाची ती पहिली पायरी आहे, असे समजावे.

जुने घर घेताना आणखी एक प्रश्न विचारावा. सिडकोच्या वसाहतीतील घरे मुळात भाडेपट्ट्याने दिलेली; त्यामुळे पट्टा कोणाच्या नावावर आहे आणि वाढीव मजल्यांना परवानगी आहे का, हे पाहायला हवे. इमारत सोसायटी आहे की १९७० च्या कायद्याखालचे अपार्टमेंट, हेही विचारावे. सोसायटी असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण, अपार्टमेंट असेल तर डिक्लरेशन आणि अपार्टमेंट डीड झाले आहे ना? हे झाले नसेल, तर घर तुमचे आणि जमीन दुसऱ्याची, अशी स्थिती राहते.

नदीकाठच्या घराचा मोह कोणाला होत नाही? पण १९ सप्टेंबर २००८ चा गोदावरीचा पूर विसरू नये. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्येही तिने आठवण करून दिली. निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला सहसा मनाई असते, दोन रेषांमधल्या पट्ट्यात अटी असतात. नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्या काठांनाही हेच लागू. जाहिरातीत ‘रिव्हर व्ह्यू’ असतो, पूररेषा नसते.

आता पैशांचे. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरावर, नाशिकसारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर, १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर नाही. म्हणजे दाखल्याची वाट पाहण्यात सुरक्षितता आहे आणि बचतही. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरात १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, हेही अनेकांना नोटीस आल्यावर कळते.

ताबा घेताना मुहूर्ताची घाई आड येते. दसरा गाठायचा म्हणून अपुऱ्या घराची चावी घेतली जाते आणि ‘राहिलेले काम महिनाभरात’ हे आश्वासन पुढच्या पाडव्यापर्यंत पुरते. वास्तुशांत जरूर करावी. पण त्याआधी सगळे नळ एकदम सोडून पाहावेत, बाथरूममध्ये पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का ते बघावे, पाण्याचे कनेक्शन पालिकेचे की टँकरवर भिस्त, हे शेजाऱ्यांना विचारावे. वीजमीटर आणि घरपट्टी आपल्या नावावर करून घ्यावी. रेराखालील करार असेल, तर ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातील दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. मात्र तक्रार लेखी हवी.

२०२६-२७ चा सिंहस्थ आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग, यांची नावे घेऊन नाशिकमध्ये घरे विकली जाणारच. शहर वाढावे, यात वाईट काही नाही. पण दाखल्याविना ताबा देणाऱ्याला जोवर ग्राहक मिळतो आणि मागाहून शुल्क भरून सारे नियमित होते, तोवर नियम पाळणारा बिल्डरच वेडा ठरतो. ही रीत मोडण्याची ताकद पालिकेत आहे, तशी ती खरेदीदाराच्या एका वाक्यातही आहे. ‘आधी दाखला दाखवा, मग चावी घेतो’, हे ते वाक्य. ते पहिल्या भेटीतच म्हणावे, कारण शेवटचा चेक दिल्यानंतर त्याचे वजन उरत नाही.