चुका दाखवणारे दोस्त

तुम्ही प्रोग्रॅम लिहिता. पण तपासतं कोण? १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या ‘लिनक्स’चा कोड सगळ्यांसाठी खुला केला. मग जगभरातल्या लोकांनी त्यातल्या चुका शोधल्या, दुरुस्त्या धाडल्या. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, बरं का!

तुम्हीही अशा एखाद्या खुल्या कामाला हातभार लावा. सुरुवात छोटीच करा. मदतीच्या पानावरची चूक सुधारा, एखादं वाक्य मराठीत आणा, मग कोडकडे वळा. तुमची दुरुस्ती परत आली, तर हिरमुसू नका. ती का परत आली ते नीट वाचा, बदला, पुन्हा धाडा. आपली एकेक ओळ जाणकाराने तपासावी, अशी फुकट शिकवणी दुसरीकडे कुठे मिळणार?