गाडीवरचे सोबती

मोटारसायकलवरून पडून, शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाच्या खाटेभोवती पहिले आठ-दहा दिवस गर्दी असते. भावकीतली, सासुरवाडीची, शेजारच्या गावची माणसे ‘पाहायला’ येतात. शहाळी येतात, सफरचंदे येतात, आणि येणारा प्रत्येक जण आपल्या माहितीतल्या आणखी एका अपघाताची कथा ऐकवून जातो. मग गर्दी ओसरते. महिन्याभराने घरात उरतात ते थकलेले आईवडील, पत्नी आणि आढ्याकडे पाहत पडलेला तो. खरे आजारपण तेथून पुढे असते, आणि ते किती लांबेल याची कल्पना घरातल्या कोणालाच नसते.

वाशिम जिल्ह्यात अशी घरे थोडी नाहीत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बाजार समितीत निघालेले शेतकरी, सारे दुचाकीवरच असतात. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून गेला खरा; पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे ही माणसे जुन्याच रस्त्यांवर राहिली. सोयाबीनच्या हंगामात दिवेलागणीनंतर त्या रस्त्यांवर मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असते, कुठे डांबरावर धान्य वाळत घातलेले असते. म्हणूनच बहुतेक जण एकेकटे निघत नाहीत. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला निघालेले भाविक असोत की रोज शाळेला जाणारे गुरुजी, दोन-तीन गाड्या एकमेकींच्या मागे-पुढे असतात. पडणाऱ्याच्या मागे बहुधा कोणीतरी असते. आज मला त्या मागच्या माणसांविषयी लिहायचे आहे.

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका घरी व्यायामोपचारासाठी मी काही महिने जात होते. रुग्ण पस्तिशीचा प्राथमिक शिक्षक. एकाच शाळेतले तिघे शिक्षक दोन गाड्यांवर रोज जात-येत. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी पुढे असलेली त्याची गाडी उभ्या ट्रॉलीवर आदळली. उजव्या मांडीचे आणि नडगीचे हाड मोडले, डोक्यालाही मार लागला. डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून पुढचे लिहिता येते आहे. मागच्या गाडीवरच्या दोघांनी त्याला रस्त्यातच धरले, १०८ क्रमांकाला फोन केला आणि अकोल्याला शस्त्रक्रिया होईपर्यंत ते हलले नाहीत. तीन आठवड्यांनी तो घरी आला, आणि त्या घराचे दार त्या दोघांना बंद झाले.

“त्याइच्याच संगं गेला होता, अन् असा आला,” एवढेच आई म्हणत. वडिलांची भीती निराळी होती. हे दोघे आले की गाडीचे बोलणे निघणार, आणि एक दिवस ते त्याला पुन्हा गाडीवर बसवणार. दोघांचेही चुकत होते असे मी म्हणणार नाही. लेकराला तसे पाहिल्यावर राग कोठेतरी ठेवावा लागतो, आणि ट्रॉलीवाला तर सापडलेलाच नव्हता.

दार उघडले ते मन बदलल्यामुळे नव्हे, तर आईंच्या कंबरेमुळे. सत्तरीच्या त्या बाई पासष्ट-सत्तर किलोंच्या मुलाला खाटेवरून शौचाच्या खुर्चीवर घेत होत्या. घरी आल्यानंतरच्या पाचव्या आठवड्यात कंबरेत असा लचका भरला की त्यांनाच आडवे व्हावे लागले. सून लहान बाळाची, वडील दम्याचे. त्या रात्री वडिलांनी स्वतः त्या सोबत्यांपैकी एकाला फोन केला.

वृद्ध शुश्रूषकांनी येथे थोडे थांबावे. मोठ्या माणसाला काखेत हात घालून उचलणे हे तुमचे काम नव्हेच. त्याच्या पाठीखालून खांद्यापासून मांडीपर्यंत जाड चादर दुहेरी करून घालावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून त्याला सरकवावे, उचलू नये. खाट आणि खुर्ची शक्यतो एका उंचीवर असाव्यात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दिवसा-रात्री दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. त्या जखमा कधीकधी मूळ दुखापतीपेक्षा अधिक दिवस घेतात. ही कामे दोन सशक्त हातांची आहेत. जे रोज सोबत गाडी चालवत होते त्यांना ती सांगण्यात कमीपणा नाही. मात्र ‘येत जा रे अधूनमधून’ असे म्हटले की कोणी येत नाही. ‘सकाळी साडेसहाला ये, याला आंघोळ घालायची आहे,’ असे सांगावे लागते.

त्या दोघांनी वेळा वाटून घेतल्या. एक शाळेपूर्वी येई, दुसरा संध्याकाळी. माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की आईसमोर घोटा हलवतानाही कळवळणारा हा गृहस्थ मित्रासमोर गुडघा वाकवून दाखवी. आईसमोर तो दुखणेकरी लेकरू होता. मित्रासमोर सहकारी, आणि थोडा प्रतिस्पर्धीसुद्धा. मांडीचे स्नायू पडून राहिल्याने काही आठवड्यांतच कमालीचे बारीक होतात. ते परत कमावण्याचे काम कंटाळवाणे असते, दुखरे असते आणि रोजचे असते. तेथे मायेपेक्षा चिकाटीने पाठीस लागणारा माणूस अधिक उपयोगी पडतो.

सोबती सगळेच चांगले करतात असे मात्र नाही. दुसऱ्याच आठवड्यात उशाखाली मला खर्ऱ्याची पुडी सापडली. “सर, तेवढंच त्याले बरं वाटते,” हे स्पष्टीकरण. तंबाखू, सुपारी, चुना यांचे हे मिश्रण आपल्या वऱ्हाडात पानटपरीवर रोज घोटले जाते, आणि त्यातले निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. नडगीच्या खालच्या भागाला स्नायूंचे आवरण थोडे, रक्तपुरवठाही बेताचा. अशा हाडाला जुळून यायला चार-सहा महिने, कधी त्याहून अधिक लागतात. त्यात तंबाखूची भर पडली की हाड जुळणे लांबते, क्वचित जुळतच नाही. मी पुडी परत दिली आणि येताना उकडलेली अंडी आणायला सांगितले. ती आली.

दुसरा मोह मालिशचा. घरातली वडीलधारी माणसे तेलाची वाटी घेऊनच बसतात. पडून असलेल्या रुग्णाची पोटरी एकाएकी सुजली, गरम व दुखरी झाली तर तिला हात लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर क्षणाचाही विलंब नको. ताप, जखमेतून पू, प्लास्टरमधील बोटे निळसर किंवा बधिर होणे, वाढती डोकेदुखी, उलट्या, झटका यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीची तारीख येण्याची वाट पाहू नये.

डोक्याला मार लागलेल्यांबाबत घरच्यांची एक तक्रार नेहमी असते. ‘हा आता आमचा राहिला नाही, भांड्याचा आवाज झाला तरी अंगावर येतो.’ चिडणे, विसरणे, गोंगाट सहन न होणे, झोप बिघडणे ही मेंदूच्या दुखापतीची लक्षणे असू शकतात. तो स्वभाव नव्हे. अपघातापूर्वीचे काही मिनिटांचे आणि नंतरचे काही तासांचे वा दिवसांचे स्मरण पुसले जाणे हेही नेहमीचे. या शिक्षकाला शाळेची शेवटची घंटा आठवत होती, आणि त्यानंतर एकदम रुग्णालयाचे छत. मधली जागा रिकामी. ती त्याला रात्री छळत असे: चूक माझी होती का? मी कोणाला धडकलो का?

घरच्यांनी हा विषय टाळायचे ठरवले होते. पण त्या रिकाम्या जागेचे साक्षीदार दोघेच होते. डिसेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी त्याने विचारले आणि मित्राने सांगितले. ट्रॉली वळणावर कशी उभी होती. आपण याला उचलून टमटममध्ये टाकू पाहणाऱ्या लोकांना कसे अडवले. पाणी पाजू दिले नाही, हेल्मेट ओढून काढू दिले नाही. मान हलू नये म्हणून दोन्ही हातांत डोके धरून रुग्णवाहिका येईपर्यंत रस्त्यावर कसे बसून राहिलो, आणि दुसरा मोबाइलचा दिवा दाखवत मागून येणारी वाहने कशी थांबवत होता. सांगताना त्याचा आवाज गेला. त्यालाही अडीच महिने नीट झोप नव्हती, हे तेव्हा कळले; त्याला कोणी विचारलेच नव्हते. आई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाचा एक कप वाढला.

अपघात पाहणाऱ्यालाही आघात होतो, हे आपण विसरतो. वाईट स्वप्ने, हॉर्नने दचकणे, त्या रस्त्याने जाणेच टाळणे हे महिन्याहून अधिक चालले तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. १४४१६ या ‘टेली मानस’च्या क्रमांकावर बोलता येते.

घराबाहेरचा, त्याच वाटेवरचा माणूस किती दूर नेऊ शकतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. २ डिसेंबर २०११ रोजी दुचाकीवरून कामावर निघालेल्या मानसी जोशी या सॉफ्टवेअर अभियंता तरुणीच्या पायावरून ट्रक गेला आणि पुढे डावा पाय कापावा लागला. लहानपणी वडिलांबरोबर खेळलेले बॅडमिंटन कृत्रिम पायावर पुन्हा सुरू झाले ते पुनर्वसनाचा व्यायाम म्हणून. राष्ट्रीय पातळीवर खेळून पाहा, असे तिला सुचवले नीरज जॉर्ज या दिव्यांग खेळाडूने. ऑगस्ट २०१९ मध्ये बासेल येथे ती पॅरा-बॅडमिंटनची जगज्जेती झाली. सगळ्यांना पदके मिळत नाहीत. पण पाय गमावलेल्या माणसाला ‘तू हे करू शकतोस’ असे दुसऱ्या दिव्यांगाने सांगणे आणि आपण सांगणे यांत फरक पडतो. आपल्या गावात रॉड बसवून पुन्हा कामाला लागलेला एखादा ट्रॅक्टरवाला असेल, तर त्याला अर्धा तास बोलावून पाहा.

मदत करणाऱ्या सोबत्यांना पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती वाटते. ती आता बाळगू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्ती होत नाही. ५ मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला समाविष्ट रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात. दाखल करतानाच त्याची चौकशी करावी.

राहता राहिला वडिलांच्या भीतीचा प्रश्न: पुन्हा गाडी? याचे उत्तर मित्रांनी द्यायचे नाही, आईवडिलांनीही नाही. हाड जुळल्याचे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले पाहिजे. झटके आले असतील तर डॉक्टर मोकळीक देईपर्यंत हँडल धरायचेच नाही. शिवाय आपल्या मोटारसायकलींचा मागचा ब्रेक उजव्या पायात असतो; या शिक्षकाचा नेमका तोच पाय मोडलेला. आणीबाणीत तो पाय क्षणात, पूर्ण जोराने दाबला जातो का, हे उभ्या गाडीवर आधी पाहावे लागते.

जूनअखेरीस शाळा उघडली तेव्हा तो मित्राच्या गाडीवर मागे बसून गेला, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. मागच्या माणसालाही ते कायद्याने आवश्यकच आहे. आपल्याकडे मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या आज्यांना मात्र कोणी देत नाही. स्वतः गाडी चालवण्याचे दिवाळीनंतर पाहू, असे ठरले आहे. वडिलांनी त्याची जुनी गाडी विकून टाकली. त्यावर घरात अजून दोन मते आहेत.