डाळिंबाची छाटणी
डाळिंब हे मुळात झाड नव्हे, झुडूप. मोकळे सोडले तर बुंध्यापासून फुटव्यांची जाळी करते. म्हणून लागवडीनंतर जोमदार तीन-चार खोडे राखून बाकीचे फुटवे काढत राहावे लागतात. फळे लागतात ती मुख्यतः पक्व फांद्यांवरच्या आखूड काड्यांवर. सरळ उभे वाढणारे वॉटरशूट नुसतेच अन्नरस खातात. सांगोला, सटाण्याकडच्या भगवा वाणाच्या बागांत बहर धरताना पाणी तोडून ताण दिल्यावर पेन्सिलीच्या जाडीपर्यंत शेंडे छाटतात. शेंडा गेला की खालचे डोळे फुगतात, नवी फूट येते, कळी निघते. कात्री कितपत चालवावी, हा खरा प्रश्न. हलक्या छाटणीत कळी भरपूर, पण फळांची गर्दी होऊन आकार मार खातो. जबर छाटणीत झाड पालवीकडे धावते, फळे मोजकी पण मोठी मिळतात, आणि उघडी पडलेली उन्हाने चट्टे धरतात. एकेका फळाच्या वजनावर भुलण्यापेक्षा मध्यम छाटणीच परवडते. झाडाच्या मध्यभागी ऊन-वारा खेळला की तेल्या रोगाला पोषक दमटपणाही घटतो. मात्र हाच रोग कात्रीवरून एका झाडाचा दुसऱ्याला लागतो. म्हणून प्रत्येक झाडानंतर पाती निर्जंतुक करतात आणि मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावतात.