बाह्यरुग्णांची औषधे व आरोग्यावरील सरकारी खर्च यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, भारत सरकार
(मा. जिल्हाधिकारी यांच्यामार्फत)

महोदय,

या विषयावरील यापूर्वीच्या निवेदनांची पोच मिळाली, उत्तर मात्र मिळाले नाही. म्हणून स्वाक्षरीकर्ते नागरिक हे निवेदन पुन्हा सादर करीत आहेत.

२००२ च्या आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०१० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पादनमूल्याच्या, २ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले, २००४ च्या आघाडी सरकारच्या किमान समान कार्यक्रमाने २ ते ३ टक्के म्हटले आणि २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचा शब्द दिला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये हा खर्च १.८४ टक्के होता, तर एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम कुटुंबांनी थेट खिशातून भरली.

२०१८ च्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. बाह्यरुग्णाला, म्हणजे तपासून घरी जाणाऱ्याला, त्याचा उपयोग नाही. सरकारी दवाखान्यात केसपेपरवर तीन औषधे लिहिली जातात, खिडकीवर एखादे मिळते, तेही पाच दिवसांपुरते, आणि उरलेल्यांसाठी ‘बाहेरून घ्या’ म्हणून चिठ्ठी हाती पडते. हाती पैसे नसलेला माणूस रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतो, मग बंद करतो. पुढे मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिस मात्र योजनेत बसते आणि तोच माणूस लाभार्थी म्हणून मोजला जातो. २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांना ही योजना लागू झाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु रोजच्या गोळ्यांची गरज याच वयात सर्वाधिक असते. योजनेच्या कार्डवाटपाचा समारंभ होतो, गोळ्यांचा होत नाही, हे त्यामागचे राजकारण स्वाक्षरीकर्त्यांना कळत नाही असे नाही. औषधांची मागणी घेऊन केंद्राकडे गेले की हा राज्याचा विषय ठरतो आणि राज्याकडे गेले की केंद्राच्या निधीचा.

सबब, रक्तदाब, मधुमेह व अपस्मार यांची महिनाभराची औषधे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळावीत, त्यासाठी योजनेत बाह्यरुग्ण सेवेचा समावेश व्हावा आणि औषधसाठ्याची रोजची स्थिती खिडकीबाहेर फलकावर लिहिली जावी.

२.५ टक्क्यांचे उद्दिष्ट कोणत्या वर्षी गाठले जाईल, याचे वर्षनिहाय तरतुदींसह लेखी उत्तर आगामी अर्थसंकल्पापूर्वी मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
स्वाक्षरीकर्ते नागरिक