आधी हात मागे घ्या



मागच्या वेळी घरातल्या वाय-फायच्या पासवर्डबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका वाचक ताईंनी विचारलं, की ऑफिसमध्ये काही गैर चाललंय अशी शंका आली, तर कॉम्प्युटरवरचा पुरावा कसा जपायचा? उत्तर लिहायला मला एक महिना लागला. कारण हे मी पुस्तकातून नाही, स्वतःच्या चुकीतून शिकले, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली. ज्यांनी मोजली त्या काकांना विचारूनच लिहिते आहे. नाव आणि कंपनी सांगणार नाही.

काका गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब बघायचे. निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. एका शुक्रवारी मालकांनी त्यांना बोलावून विचारलं, की अमुक पुरवठादाराचे पैसे भलत्याच खात्यात कसे गेले? काकांच्या एक्सेल शीटमध्ये त्या पुरवठादाराचा खाते क्रमांक बदललेला होता. शीट काकांच्या लॅपटॉपवर असली, तरी तो फोल्डर ऑफिसमध्ये शेअर केलेला होता. खरेदी विभागातले दोघं-तिघं आपापल्या मशीनवरून ती उघडू शकत. काका म्हणाले, मी बदलला नाही. मालक म्हणाले, सोमवारी बघू.

शनिवारी रात्री काकूंचा फोन आला. "तू कॉम्प्युटरमधली आहेस ना गं, जरा येऊन बघतेस का? यांनी सकाळपासून नीट खाल्लं नाहीये."

गेले. काकूंनी चहा ठेवला, काकांनी लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. मी शीट उघडली, खाली-वर बघितली. खाते क्रमांक खरंच बदललेला होता. कोणी बदलला ते त्या चौकटीत थोडंच लिहिलेलं असतं! बंद करताना एक्सेलने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? बदल मी काहीच केले नव्हते. पण त्या शीटमध्ये थकबाकीचे दिवस मोजायला आजची तारीख घेणारं सूत्र होतं, आणि असं सूत्र असलं की फाइल नुसती उघडली तरी एक्सेलला ती बदललीय असं वाटतं. माझं बोट सवयीने 'हो'वर गेलं. लॅपटॉप फारच रेंगाळत होता, म्हणून जाता जाता टेम्प फाइली पण साफ करून दिल्या. काका म्हणाले, "आता कसा छान पळतोय बघ."

सोमवारी कंपनीच्या कॉम्प्युटर देखभालवाल्याने लॅपटॉप तपासला. फाइल शेवटची सेव्ह झाली शनिवारी रात्री पावणेअकराला, काकांच्या नावाने. त्याच रात्री तात्पुरत्या फाइली पुसलेल्या. मालकांच्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात?

खरी हळहळ पुढेच आहे. एक्सेलची फाइल शेवटी सेव्ह करणाऱ्याचं नाव स्वतःच्या पोटात ठेवते. खरेदी विभागातल्या कोणी आपल्या मशीनवरून ती बदलली असती, तर शुक्रवारपर्यंत तिथे ते नाव असण्याची शक्यता होती. मी सेव्ह केलं आणि त्या नावावर काकांचं नाव चढलं. आधी माहिती काढून कागदावर उतरवून घ्यावी, एवढंही मला सुचलं नाही. बीईची चार वर्षं आणि दहा वर्षांची नोकरी, सगळी त्या एका 'हो'वर वाया गेली. ऑफिसचा बॅकअप होता, पण तो रविवारी आपोआप जुन्यावर नवा चढायचा.

मी मालकांना सही करून पत्र दिलं, की त्या रात्री काय-काय केलं ते मी केलं. त्यांनी शांतपणे वाचलं. पोलिसांत गेले नाहीत. काकांवर काही सिद्ध झालं नाही, आणि काका निर्दोष आहेत हेही सिद्ध झालं नाही. मार्चमध्ये त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

पुरावा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चोर पकडणं येतं. पण काकांच्या बाबतीत तो निरपराध माणसाला सोडवण्यासाठी हवा होता, आणि तोच मी मदत म्हणून पुसला.

भोपाळमध्ये राहून या विषयावर बोलायचं आणि व्यापमचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. माझी पीईटी व्यापमनेच घेतली होती आणि 2013 मध्ये ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी बीईच्या शेवटी होते. जुलै 2013 मध्ये इंदूर पोलिसांनी दुसऱ्याच्या नावाने पीएमटी द्यायला आलेली मुलं पकडली आणि धागा थेट इथल्या व्यापमच्या कॉम्प्युटर विभागापर्यंत आला. हुशार मुलगा आणि पैसे दिलेला मुलगा यांचे आसन क्रमांक शेजारी-शेजारी लावायचे. त्याला 'इंजिन' आणि 'बोगी' म्हणत. क्रमांक वाटणारी माणसं कॉम्प्युटरवरच बसलेली होती, म्हणून पुरावाही तिथेच होता: एका हार्ड डिस्कवरच्या एक्सेल याद्यांमध्ये. ती डिस्क जप्त झाली.

2015 च्या सुरुवातीला विरोधी पक्षाने आरोप केला, की त्या यादीतली नावं जप्तीनंतर बदलली आहेत. एका पेन ड्राइव्हमधली वेगळी प्रत पुढे आली. म्हणजे एकाच यादीच्या दोन आवृत्त्या, आणि दोन्ही बाजू आपलीच खरी म्हणणार! उच्च न्यायालय, विशेष तपास पथक, मग 9 जुलै 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. हार्ड डिस्क हैदराबादच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासली गेली. ऑक्टोबर 2017 च्या शेवटी सीबीआयने 490 जणांवर आरोपपत्र ठेवलं तेव्हा सांगितलं, की डिस्कमध्ये फेरफार आढळला नाही. राजकारणात मला शिरायचं नाही. मला इंजिनियर म्हणून एवढंच दिसतं, की लाखो मुलांच्या भवितव्याचा प्रश्न असताना गावात चर्चा मात्र एका एक्सेल फाइलच्या खरेपणाची चालली होती.

हा वाद मिटवायचं साधन साधं आहे. त्याला हॅश म्हणतात. डिस्कवरचा सगळा मजकूर एका गणिती सूत्रातून काढला, की आकड्या-अक्षरांची एक ओळ मिळते. एसएचए-256 या पद्धतीत ती 64 अक्षरांची असते. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ओळ पूर्ण वेगळी येते. जुन्या काळी पोलीस मुद्देमालाच्या पिशवीवर लाखेची मोहोर मारायचे ना, तशीच ही मोहोर. जप्तीच्या वेळी साक्षीदारांसमोर ती कागदावर लिहून ठेवली, तर पाच वर्षांनी कोणीही पुन्हा काढून पडताळू शकतं. जाणकार माणूस मूळ डिस्कला हातच लावत नाही. मध्ये एक छोटं उपकरण लावतो, जे डिस्कवर काही लिहूच देत नाही. मग तिची बिट-न्-बिट प्रत काढतो, दोन्हींची मोहोर जुळवतो, मूळ बंद करून ठेवतो आणि शोधाशोध सगळी प्रतीवर करतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये हॅश आता थेट प्रमाणपत्राच्या नमुन्यातच मागितला आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. या प्रमाणपत्राची गोष्ट आपल्या जालन्यातून जाते हे बहुतेकांना माहीत नसतं. 2014 च्या विधानसभेत अर्जुन खोतकर तिथे 296 मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं, की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रण हा पुरावा. गोरंट्याल पुन्हापुन्हा प्रमाणपत्र मागत राहिले, अधिकारी देईनात! 2017 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली आणि 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवताना नियम स्पष्ट केला. प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणलं तर नको. आणि माणसाने जमेल ते सगळं करूनही समोरचा देत नसेल, तर त्याची शिक्षा मागणाऱ्याला नको. देशभर वकील आज हाच निकाल पुढे ठेवतात.

आता ताईंच्या प्रश्नाकडे.

मशीन बंद असेल तर चालू करू नका. विंडोज नुसतं सुरू होताना शेकडो फाइलींवर लिहितं. चालू असेल तर घाईने बंदही करू नका; मेमरीत बरंच काही असतं जे वीज गेली की जातं. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेली गोष्ट बरेच दिवस सापडू शकते, पण एसएसडी पुसलेली जागा स्वतःहून रिकामी करत जाते, तीही मशीन नुसतं चालू असताना. म्हणून 'रात्रभर राहू दे, सकाळी बघू' हेही दर वेळी बरोबर नसतं. जाणकाराला लवकर बोलावणं हाच उपाय.

काकांनी त्या रात्री काय करायला हवं होतं, हे मी नंतर कितीदा तरी मनात लिहिलंय. लॅपटॉप बंद ठेवायचा. फोनवरून मालकांना मेल करायचा: 'लॅपटॉप शुक्रवारी संध्याकाळपासून माझ्याकडे बंद आहे. आपल्या दोघांसमोर त्याची प्रत काढावी, ऑफिसच्या इतर मशीन आणि बॅकअपही तसेच राखून ठेवावेत, ही विनंती.' एवढ्या चार ओळी. रविवारचा बॅकअपसुद्धा वाचला असता.

ही राखून ठेवण्याची विनंती लेखी आणि लगेच हवी, कारण बऱ्याच गोष्टी आपोआप पुसल्या जातात. सीसीटीव्हीचं रेकॉर्डर बहुधा पंधरा दिवस ते महिन्याभरात जुन्यावर नवं लिहितं. सर्व्हरच्या नोंदीही अशाच फिरत राहतात. यात कोणाचा कट नसतो, फक्त जागा अपुरी असते.

मुलींसाठी थोडं वेगळं. वरिष्ठाचे घाणेरडे मेसेज येत असतील तर स्क्रीनशॉट घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्या फोनवर ते आले तो फोन सांभाळा. नवा घेतला तरी जुना विकू नका, रीसेट करू नका. आपोआप नाहीसे होणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनने फोटो काढा, नंबर आणि वेळ दिसेल असा. मेल असेल तर मूळ तसाच ठेवा. नुसता फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये तो कुठून कसा आला ही माहिती गळून जाते. आणि तारखा लिहून ठेवा, कारण 2013 च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. अंतर्गत समितीला कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. म्हणजे सगळा पुरावा तुम्हीच गोळा करायला हवा असं नाही. तो कुठे आहे हे सांगता आलं तरी पुष्कळ.

आणि कृपा करून गुप्तहेर होऊ नका. शंका कितीही खरी असली, तरी दुसऱ्याच्या मेलमध्ये त्याच्या पासवर्डने शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली स्वतःच गुन्हा ठरू शकतो. कंपनीच्या फाइली घरच्या मेलवर पाठवून ठेवल्या तर चौकशी तुमच्यावरच उलटते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं नेमकं हेच झालं. तक्रार खरी होती, पण नोकरी त्याची गेली.

काका हल्ली संध्याकाळी शाहपुरा तलावावर फिरायला येतात. परवा भेटले तेव्हा त्यांना हा लेख दाखवला. चष्मा वर करून फोनवर वाचला. म्हणाले, "पावणेअकरा नव्हते गं, दहा चाळीस झाले होते. त्या माणसाने मला कागदावर दाखवलं होतं." मी वर दुरुस्त केलेलं नाही. मला पावणेअकराच आठवत होतं.

पुढच्या वेळी जुना फोन विकण्याआधी काय करायचं ते लिहीन. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे मंडळाकडे पाठवा.