पगडीची सवलत आणि तिची किंमत

धर्मपालनाची एखादी सवलत कायद्यात आली की आपण समाधान मानतो. तिच्याखालचे पोटकलम वाचण्याची तसदी क्वचितच घेतो. ब्रिटनमधील शीख कामगारांच्या बाबतीत ते पोटकलमच मुख्य आहे.

त्या देशात १९७३ साली मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. शिखांनी पगडी उतरविण्याचे नाकारले, दंड सोसले. अखेर सिडनी बिडवेल या खासदाराच्या विधेयकावरून १९७६ साली पगडीधारी शिखांना सूट मिळाली. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमातही अशी सूट आहे. स्वार आपला धोका आपण पत्करतो. त्याविषयी आमची तक्रार नाही.

बांधकामावरील मजुराची गोष्ट निराळी. १९८९ च्या ब्रिटिश रोजगार कायद्याच्या ११ व्या कलमाने त्याला हेल्मेटमधून मुक्त केले. २०१५ साली आणीबाणीच्या सेवा व सैन्य यांतील काही प्रसंग वगळता ती सूट कारखाने, गुदामे इत्यादी सर्वच कामाच्या जागी लागू झाली. परंतु तेच कलम पुढे सांगते की, अपघात दुसऱ्याच्या चुकीने झाला तरी हेल्मेट असतानाही जेवढी इजा झाली असती तेवढ्याचीच भरपाई मिळेल. म्हणजे परांचीवरून वीट पडली ती दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने, आणि उरलेल्या इजेचा भार मात्र मजुराच्या कुटुंबावर!

सूट त्याने आपखुशीने घेतली, असे कोणी म्हणेल. आम्हांस हे पटत नाही. श्रद्धा आणि भाकरी यांतून एक निवडावे लागणे ही कसली आपखुशी? अशी सूट नसली तर काय होते, हे कॅनडातील भिंदर खटल्यात दिसले. तेथे एका शीख वीजकामगाराने रेल्वेचे हेल्मेट नाकारले, त्याची नोकरी गेली, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्या विरुद्ध निकाल दिला. त्या मानाने ब्रिटिश कायदा उदार खरा; पण त्याचे औदार्य अर्ध्या वाटेवर थांबले आहे.

हेल्मेट हा अखेरचा बचाव होय. जाळ्या, परांचीच्या कडेच्या फळ्या, धोक्याच्या जागी प्रवेशबंदी हे उपाय त्याच्या आधीचे, आणि ते मालकाने करावयाचे. शीख मजुराला सूट असली तरी मालकाचे हे कर्तव्य सुटत नाही, असे तेथील सुरक्षा खात्याचेही सांगणे आहे. तेव्हा पगडी बांधून कामावर जाणाऱ्याने प्रथम जाळी मागावी, आणि त्याच्या संघटनेने भरपाईचे ते पोटकलम रद्द करण्याची मागणी लावून धरावी.