टायरचा शिक्का

नांदुऱ्यात ‘टेनिस’ हा शब्द उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे जाळे, हिरवळ आणि शुभ्रवस्त्रांकित खेळाडू उभे राहत नाहीत, तर नुसता एक चेंडू उभा राहतो, आणि तोही क्रिकेटचाच असतो. महामार्गावरच्या १०५ फुटी हनुमंताच्या दृष्टिक्षेपात जी काही मोकळी मैदाने शिल्लक आहेत, त्यांवर ‘टेनिस बॉलचे सामने’ म्हणून जे चालते, त्यात त्या परदेशी खेळाचा संबंध एवढ्यापुरताच. असे असता या आठवड्याच्या सदरात रॅकेट या वस्तूचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर माझ्या नातीपाशी आहे.

ती पुण्यास टेनिस शिकते. दिवाळीला आली ती मोबाइलमध्ये एका रॅकेटचे चित्र घेऊनच. मी किंमत विचारली, आणि विचारल्याचा तत्काळ पश्चात्ताप केला.

“आजोबा, ही जोकोविचची रॅकेट आहे.”

“मग तो बिचारा कशाने खेळेल?”

“तो हिच्याने खेळतच नाही. सर म्हणतात, वरचा रंग तेवढा हिचा. आतली त्याची जुनीच.”

“मग तुला ही कशाला हवी?”

“मला आवडते म्हणून.”

या उत्तरास कोणत्याही न्यायशास्त्रात खंडन नसल्यामुळे मी तो मुद्दा सोडून दिला आणि तिच्या सरांच्या विधानाची चौकशी आरंभिली. चौकशीअंती जे निष्पन्न झाले, ते त्या व्यवसायातील लोकांना आमच्या बाजारातल्या खव्याच्या भावाइतके परिचित आहे. त्यांच्या परिभाषेत या प्रकारास ‘पेंट जॉब’ म्हणतात. कंपनी दर दोन-तीन वर्षांनी जुन्या रॅकेटला नवे नाव, नवा रंग आणि एखादे दुर्बोध वैज्ञानिक विशेषण बहाल करून ती दुकानात मांडते, आणि त्याच वेळी जो खेळाडू लक्षावधी डॉलर्सच्या करारनाम्याने तिच्याशी बांधलेला असतो, तो आपल्या हाताला वर्षानुवर्षे सवयीची झालेली चौकट सोडण्यास साफ नकार देतो; तेव्हा उभयपक्षी तडजोड अशी निघते, की चौकट खेळाडूच्या मर्जीची राहावी आणि तिच्यावरचा रंग मात्र कंपनीच्या हुकुमाबरहुकूम नव्या मालाचा असावा. जोकोविचच्या हातातल्या ‘हेड स्पीड’च्या रंगाखाली ‘पीटी ११३ बी’ या सांकेतिक नावाची, दुकानात कधी न मिळणारी चौकट अनेक वर्षे होती, असे जाणकार सांगतात. अँडी मरेच्या ‘रॅडिकल’खाली मूळ १९९० च्या दशकातल्या साच्यातून उतरलेली ‘पीटी ५७ ए’ होती. आणि नदालने आपल्या तारुण्यातील ‘एअरोप्रो ड्राइव्ह’ची साथ नवनव्या रंगांखाली कशी टिकवली, हे त्याच्या चाहत्यांना ठाऊक आहेच.

पण रंगाची मखलाशी हा या मामल्याचा केवळ बाह्य भाग झाला. खरी कारागिरी आत आहे. चौकटीच्या डोक्याशी शिशाच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या, मुठीच्या पोकळीत सिलिकोन भरायचे, मूठ त्या माणसाच्या तळव्याच्या आकाराची करून घ्यायची, आणि त्याच्या सगळ्या रॅकेट्स वजनाने व तोलाने इतक्या एकजीव करायच्या, की सामन्याच्या मध्यावर पिशवीतून कोणतीही काढली तरी मनगटाला फरक कळू नये. यावरच ज्यांचा चरितार्थ चालतो असे कारागीर आहेत. पीट सॅम्प्रसला तर कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरील कारखान्यात घडलेली, ८५ चौरस इंच तोंडाची ‘विल्सन प्रो स्टाफ’च हवी असे, आणि शिसे लावून तो तिचे वजन चारशे ग्रॅमच्या घरात नेई. निवृत्तीनंतर, आपण थोडी मोठ्या तोंडाची रॅकेट वेळीच घ्यायला हवी होती, असे त्याने बोलूनही दाखविले. परंतु तोवर चौदा ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे पदरात पडलेली होती, आणि अशा पश्चात्तापाचा हेवाच वाटावा.

तारांच्या बाबतीत मात्र आम्हा वऱ्हाडकरांनी परके वाटून घेण्याचे कारण नाही. फ्रान्समधील लिओं शहरात बाबोला घराण्याने १८७५ मध्ये रॅकेटसाठी ज्या तारा वळण्यास प्रारंभ केला, त्या जनावराच्या आतड्याच्या होत्या. आणि आजही जोकोविच आपल्या उभ्या तारा आतड्याच्याच ठेवतो. मराठीत या वस्तूस ‘तात’ असा सोज्वळ शब्द आहे. कापसाच्या या मुलुखात गाद्या पिंजायला दारोदार फिरणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला तीच तात असे, आणि तिचा तो खर्जातला टणत्कार ज्यांनी लहानपणी ऐकला आहे, त्यांना विम्बल्डनच्या मध्यवर्ती प्रांगणातून येणारा ध्वनी फारसा अनोळखी वाटू नये.

यावर कोणी म्हणेल, ही ग्राहकाची सरळ सरळ फसवणूक आहे, आणि हिच्याविरुद्ध फिर्याद गुदरली पाहिजे. जाहिरातीपुरते मलाही ते मान्य आहे. ‘याच रॅकेटने तो जिंकला’ असे सूचित करणे आणि ते खरे नसणे, या दोहोंचा मेळ कोणत्याही दप्तरात बसत नाही. परंतु अस्सल माल दिला असता ग्राहकाने तो पेलला असता काय? फेडररच्या स्वाक्षरीची ‘प्रो स्टाफ आरएफ ९७’ कंपनीने जेव्हा त्याच्या स्वतःच्या रॅकेटशी बरेच इमान राखून बाजारात आणली, तेव्हा तारांवाचूनच तिचे वजन ३४० ग्रॅम भरे. हौशी मंडळींनी ती भक्तिभावाने विकत घेतली आणि पहिल्या सेटच्या मध्यावर त्यांचे खांदे बोलू लागले. थोरांची हत्यारे सामान्यांच्या सोयीसाठी घडविलेली नसतात, हे ज्ञान अनेकांना त्या दिवसांत सशुल्क प्राप्त झाले.

खेळाडूला मात्र मी या प्रकरणात दोष देऊ शकत नाही. आमच्या शेतात निंदणाला येणाऱ्या बाया आपापला विळा घरून आणतात. मालकाने कौतुकाने दिलेला कोरा विळा त्या धुऱ्यावर ठेवून देतात, आणि मूठ झिजून बोटांचे वळण उमटलेल्या आपल्या जुन्या विळ्यानेच पात धरतात. जोकोविच याहून वेगळे काय करतो? त्याच्या विळ्यावर रंग देण्यासाठी कोणी पैसे मोजत असेल, तर तो त्याचा भाग्ययोग.

आणि रंगाने भुलण्यात आपण कोणाच्या मागे आहोत? इव्हान लेंडलच्या हातात जोडे विकणाऱ्या आदिदासच्या नावाची रॅकेट असे, आणि ती बनवी क्नाइसल ही बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेली ऑस्ट्रियन कंपनी. हे ऐकून हसणाऱ्या मराठी माणसाने आपल्या तेंडुलकरचे स्मरण करावे. १९९६ च्या विश्वचषकात तो कोऱ्या बॅटने खेळला आणि ५२३ धावा काढून गेला. पुढे तीवर ‘एमआरएफ’ ही अक्षरे आली, आणि मद्रासमध्ये १९४६ साली रबरी फुगे करण्यापासून आरंभ केलेल्या, नंतर टायरसाठी ख्यातनाम झालेल्या त्या कंपनीचा शिक्का साऱ्या देशाने सरळ बॅटच्या ठायी पाहिला. कारकिर्दीच्या उत्तरार्धात टायर जाऊन जोडे आले, म्हणजे तेच आदिदास. सरळ बॅटचा तो फटका होता तसाच राहिला. तीन पौंडांच्या आसपास वजन असलेली त्याची बॅट तासायला आणि सांधायला दक्षिण मुंबईतले अश्रफ चौधरी यांच्यासारखे वाकबगार कारागीर होते. त्यांचे नाव कोणत्याही बॅटच्या पात्यावर नसते. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ते आजारी पडले आणि तेंडुलकर मदतीस धावला, तेव्हा कुठे वृत्तपत्रवाचकांना ते कळले.

नात पुण्यास परत गेली. तिच्या रॅकेटचा निकाल तिच्या वडिलांकडे वर्ग केला आहे.

काल संध्याकाळी आमच्या गल्लीतला एक मुलगा काश्मिरी लाकडाची बॅट घेऊन सुताराकडून येताना भेटला. बॅट लांब पडत होती म्हणून त्याने खालून दोन बोटे कापून घेतली होती. पात्यावर लाल अक्षरांतला तो टायरचा शिक्का होता. तो दुकानात सुटा मिळतो, आणि यानेही तो बॅटीनंतर आठ दिवसांनी, पैसे साठवून घेतला होता.

“ही सचिनची बॅट आहे वाटतं?” मी विचारले.

“नाई काकाजी, माहीच हाय,” तो म्हणाला, “शिक्का त्याचा हाय.” आणि मुठीवर ताणून चढवलेली सायकलची जुनी ट्यूब निसटत होती, ती दातांनी ओढून नीट करीत तो मैदानाकडे गेला.